दिनकररावांची शांत खोली

दिनकररावांनी फोनवर कधी कुणाला ‘हॅलो’ म्हटलं नाही. घंटी वाजली की ते आधी घसा मोकळा करत, मग फोन कानाला लावत आणि सांगत, “नमस्कार. आपण दिनकररावांशी संवाद साधत आहात.” पलीकडे बहुधा गॅसवाला असे. तो विचारी, सिलिंडर कुठं ठेवू?

नगरला सावेडीत त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये फक्त एक कंपाउंडची भिंत होती. मी कॉलेजात ग्रंथपाल, ते एका सरकारी कचेरीत कारकून होते, पुढे निवृत्त झाले. त्या कचेरीत नेमकं काय काम चालतं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. कचेरीलाही कळलं असेल असं वाटत नाही. त्यांचा खरा धंदा निवेदनाचा होता. कार्डावर नावाखाली ‘शब्दप्रभू’ असं छापलेलं होतं. ही पदवी कुणी दिली असं मी एकदा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “लोकांनी.” कोणत्या, हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

आवाज मात्र चांगला होता. हे मान्य केल्याशिवाय पुढे लिहिणं बरं नाही. खर्जातला, ओला, भरलेला आवाज. ते ‘उपस्थित मान्यवर’ असं म्हणाले की बसलेल्या सगळ्यांना आपण मान्यवर आहोत असं क्षणभर वाटे. आमच्या जिल्ह्यात या क्षणाला फार मागणी आहे. इकडच्या लग्नात नवरा-नवरी पाटावर उभे असतात, अंतरपाट धरलेला असतो आणि मुहूर्ताची वेळ कधीच टळून गेलेली असते, तरी माइकवर पुढाऱ्यांचं स्वागत चालूच असतं. कुणाचं नाव आधी, कुणाचं नंतर, कुणापुढे ‘लोकनेते’ आणि कुणापुढे नुसतं ‘श्री’, हे निवेदकाच्या हातात. दिनकरराव ही सत्ता शांतपणे वापरत. ज्याच्याशी वाकडं असेल त्याचं नाव ते विसरत नसत. समोरच्याकडे नीट पाहून, त्याच्या ओळीपाशी येऊन थांबत आणि म्हणत, “...आणि इतर.” गावोगावचे सरपंच दुष्काळाला जितके भीत नसत तितके या ‘इतर’मध्ये जायला भीत.

खर्ड्याजवळच्या एका लग्नाला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. ऊन डोक्यावर आलेलं, नवरी घामानं भिजलेली. नवऱ्याचे मामा हात जोडून पुढे आले आणि हळूच म्हणाले, “सर, जरा उरका, पोरीला चक्कर येईल.” दिनकरराव थांबले. माइक तोंडाशी आणून सगळ्या मांडवाला सांगितलं, “वराचे मामा भुकेले आहेत. आचाऱ्यांना विनंती, त्यांना आधी वाढावं.” मांडव हसला. मामांनी टोपी काढून घाम पुसला आणि ते मागे जाऊन खांबाआड उभे राहिले. मंगलाष्टकांना तांदूळ टाकायलाही पुढे आले नाहीत. परतताना जीपमध्ये दिनकरराव म्हणाले, “ग्रंथपाल, सभेची नाडी कळायला हवी.”

घरात मात्र सभा एकाच माणसाची होती. कौसल्यावहिनी पाथर्डी तालुक्यातल्या. लग्न होऊन चाळीसेक वर्षं झाली तरी बोलणं माहेरचंच राहिलं होतं. एकदा आम्ही चारपाच जण त्यांच्याकडे बसलो होतो. वहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “साखर कमी हाय का बघा, लागली तर आनते.” दिनकररावांनी कप उचलला आणि आमच्याकडे वळून सांगितलं, “आमच्या सौभाग्यवतींची भाषा ही मूळ हस्तलिखित प्रत आहे. संपादन व्हायचं आहे.” सगळे हसले. वहिनीही हसल्या, कारण सगळे हसत होते. त्यानंतर पाहुण्यांसमोर त्या फक्त मान हलवत.

भिंतीच्या अलीकडे मात्र त्या निराळ्या बाई होत्या. माझ्या बायकोशी, सुमनशी, त्यांच्या रोज गप्पा चालत. मी खिडकीशी पुस्तक घेऊन बसे आणि पान उलटत नसे. “आमचे हे झोपंतबी आभार मानत्यात,” त्या सांगत. “काल पहाटं म्हनले, संयोजकांचा मी रुनी हाय. मी म्हनलं, झोपा आता, संयोजक गेले घरी.” मूलबाळ नव्हतं. त्यावर दिनकरराव चारचौघांत म्हणत, “माझा आवाज हेच माझं अपत्य.” वहिनी यावर भिंतीपाशीही काही बोलल्या नाहीत.

त्यांना दमा होता. हवा पालटली, धूळ उडाली, फोडणी करपली की छाती वाजायला लागे. मग त्या कोपऱ्यात बसून वाफेचं मशीन तोंडाला लावत. ते मशीन घुर्र करी. पुढे सगळं माइकपर्यंत आलं ते या वाजणाऱ्या छातीमुळे.

झालं असं की लग्नांत नवी पोरं आली. डोक्याला लावायचे माइक, मागे संगीत, पडद्यावर नवरा-नवरीचे फोटो. दिनकररावांना बोलावणी येईनाशी झाली. आली तरी दशक्रियेची, आणि तिथेही कुणीतरी मधेच हात लांब करून माइक मागून घेई. अशात त्यांना कळलं की पुण्यात एक कंपनी पुस्तकं आवाजात काढते आणि घरबसल्या वाचणारी माणसं शोधते. एका ऐतिहासिक कादंबरीची पहिली दोन प्रकरणं वाचून पाठवायची. आवडली तर सबंध कादंबरी, आणि पुढे आणखी. दिनकररावांनी घरातली मागची खोली रिकामी केली आणि दारावर पाटी लावली : ‘स्वरसाधना’.

आता माइक. पहिला आणला तो शर्टाला अडकवायचा. तो त्यांना अपमान वाटला. “हा माइक आहे की चिलट?” दुसरा थेट संगणकाला जोडायचा, टेबलावर उभा राहणारा. त्याचा आवाज वाईट नव्हता, मी ऐकला. पण तो प्लॅस्टिकचा होता आणि हलका होता. दिनकररावांनी तो तळहातावर तोलला आणि म्हणाले, “आवाजाला वजन हवं, तर माइकला नको?” माइकची निवड हातात धरून वजनावर करणारा माणूस मी एकच पाहिला. शेवटी आला तो जाडजूड, रुपेरी, चार बाजूंनी रबरात टांगलेला, पुढे गोल काळी जाळी असलेला कंडेन्सर. मोठ्या गायकांच्या फोटोत असतो तसा. त्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, पुढे उभं राहून फोटो काढला आणि तो फोटो सगळ्या माजी मान्यवरांना पाठवला.

या जातीच्या माइकचा गुण असा की तो सगळं ऐकतो. भिंतीवरचं घड्याळ, फ्रिज, पालीची चुकचुक, तीन घरं पलीकडचा मिक्सर. दिनकरराव कानाला हेडफोन लावून बसले आणि आपलं घर किती बोलतं हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. घड्याळ गेलं. पंखा बंद. दाराच्या बेलची वायर कापली. वाचन चालू असताना फ्रिज बंद ठेवायचा, त्यात दूध नासलं तर वहिनींनी ते सांगायचं नाही, कारण सांगायलाही आवाज लागतो. कुकरऐवजी पातेल्यात भात. भिंतींवर आवाज आपटू नये म्हणून काहीतरी मऊ लावा असं त्यांना मोबाईलवर कळलं, तेव्हा त्यांनी वहिनींनी हातानं शिवलेल्या गोधड्या काढल्या आणि खिळे ठोकून चारी भिंतींना लावल्या. पावसाच्या गारठ्यात वहिनींनी त्यातली एक मागितली. ते म्हणाले, “ती काढली की खोली बोलायला लागते.”

एवढं करून त्यांनी प्रकरणं वाचली आणि पाठवली. दुसऱ्या दिवशी पुण्याहून एका मुलीचा फोन आला. नाव मृण्मयी, तिथं आवाज निवडायचं काम तिच्याकडे होतं. दिनकररावांनी मला मुद्दाम बोलावून फोनचा स्पीकर चालू ठेवला होता, कौतुकाला साक्षीदार हवा म्हणून.

“काका, आवाज मस्त आहे,” ती म्हणाली. “पण मागे कुणालातरी दम लागलाय. सबंध फाईलमध्ये आहे. श्वास ऐकू येतो, शिट्टीसारखा.”

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या.

मुलीने तीच प्रकरणं पुन्हा वाचून पाठवायला सांगितली आणि उपायही सांगितला. तिने सांगितलं ते इतकं सोपं होतं की मलाही समजलं : घरातली खोली कधीच पूर्ण शांत होत नाही, तेव्हा हा माइक काढा आणि साधा डायनॅमिक घ्या. तो तोंडाशी धरायचा असतो. समोरचं तेवढं ऐकतो, मागचं त्याला ऐकू येत नाही. त्यांच्याकडे घरून वाचणारे निम्मे लोक तोच वापरतात. म्हणजे वहिनी घरात, माइक खोलीत, आणि दोघांचंही भागलं असतं.

फोन ठेवल्यावर दिनकररावांनी माइकची जाळी रुमालानं पुसली. मग म्हणाले, “डायनॅमिक म्हणजे माहीत आहे ना? भजनी मंडळाचा. कांद्याच्या लिलावात धरतात तो. मी तो हातात धरू?”

मी म्हणालो, “हातात धरलेला फाईलमध्ये दिसत नाही.”

“मला दिसतो,” ते म्हणाले. हे वाक्य त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य असावं.

माइक राहिला. वहिनींनी माहेरी जायचं ठरलं. ठरलं म्हणजे त्यांनी ठरवलं. गावाकडची कोरडी हवा दम्याला चांगली, हे त्यांनी त्याच दिवशी शोधून काढलं. दसरा होऊन गेला होता. वहिनींचा धाकटा भाऊ आसाराम ऊसतोडीचा मुकादम. दसरा झाला की गावातली माणसं, बैल, भांडी आणि पोरं ट्रकमध्ये घालून तो कारखान्याला निघे आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परते. त्या दिवसांत गावात म्हातारी माणसं आणि कुलपं एवढंच उरतं. हे पाथर्डीकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. दिनकररावांनाही होतं, साखर कारखान्याच्या हंगामाची पहिली मोळी टाकायच्या समारंभात याच माणसांवर ते ‘ऊस तोडणारे हात’ असं काहीतरी मोठ्या गहिवरानं बोलत.

आसाराम जीप घेऊन न्यायला आला. दारातच उभा राहून म्हणाला, “दाजी, आमी तर परवा चाल्लो. घरी आई एकलीच, तिलाच दिसत न्हाई. आक्काला आत्ता कशापायी धाडता?”

“म्हणजे आईंना सोबत झाली,” दिनकरराव म्हणाले. “दोघींचीही सोय.”

आसारामने बहिणीकडे पाहिलं. तिने पिशवी उचलली. जाताना भिंतीपाशी थांबून सुमनला म्हणाली, “महिन्याचं काम हाय म्हनत्यात. तुळशीला तेवढं पानी घाला.”

महिना झाला. प्रकरणं झाली नाहीत. वहिनी गेल्यावर घरात जी शांतता झाली, तिच्यात दिनकररावांना आणखी नवे आवाज ऐकू यायला लागले. आमचा मिक्सर, तो आम्ही बंद केला. कुत्रं, ते त्यांनी घालवलं. मग नगरच्या बाहेर लष्कराच्या तोफांचा सराव चालतो त्याचे धमाके. तो सराव आम्हा नगरकरांना घड्याळासारखा. कुणी वर मान करून पाहत नाही. पण तो माइक पाही. दिनकररावांनी लष्कराला एक विनंतीअर्ज लिहून मला शुद्धलेखन तपासायला दिला. तोफांना माहेर नसतं, नाहीतर तेही झालं असतं.

वहिनींचा फोन सुमनला येई. डोंगरावर चढून करायचा म्हणजे रेंज मिळे, त्यामुळे पहिलं वाक्य पुरतं होईपर्यंतच त्यांना धाप लागलेली असे. “झालं का त्येंचं?” एवढंच विचारत. सुमन सांगे, होत आलंय. एकदा म्हणाल्या, “हितं दिवसा लाईटच नसती. मशीन नुसतं ठिवलंय देव्हाऱ्यात.” सुमनने मला सांगितलं, मी दिनकररावांना सांगितलं. त्यांनी हेडफोनचा एक कान बाजूला केला. “तिला सांगा, दुसरं प्रकरण अर्ध्यावर आहे. या वेळी एकसुद्धा श्वास वाया गेलेला नाही.” आणि कान परत लावला.

तुरीच्या मळण्या सुरू झाल्या तेव्हा एका दुपारी आसारामचा फोन मला आला. दाजींचा बंद लागतो म्हणाला. तो कारखान्याकडच्या उसाच्या फडावर होता, गावाहून कुणीतरी त्याला कळवलं होतं. शेजारच्या रानात मळणीयंत्र चाललं होतं, धूळ घरात आली, वहिनींना अटॅक आला. वीज नव्हती. म्हातारी चाचपडत रस्त्यावर गेली, पण गावातल्या जीपा सगळ्या तोडीवर. शाळेच्या गुरुजींची मोटरसायकल मिळाली तोवर मोटरसायकलचं काम उरलं नव्हतं. हे सगळं त्याने रडल्याशिवाय सांगितलं आणि म्हणाला, “त्येंना सांगा. मला न्हाई जमायचं.”

मी गेलो. बेल नव्हती. खिडकीच्या काचेतून दिनकरराव दिसत होते : गोधड्यांच्या मधोमध, डोळे मिटलेले, एक हात हवेत, एका सेनापतीच्या मृत्यूचं वर्णन वाचत. मी काचेवर टकटक केली. त्यांनी डोळे न उघडता पंजा दाखवला : थांबा. मी पुन्हा वाजवली. पंजा तसाच. तिसऱ्यांदा मी काच जोरानं बडवली, तेव्हा त्यांनी हेडफोन काढले आणि दार उघडून म्हणाले, “ग्रंथपाल, सबंध परिच्छेद घालवलात.”

मी त्यांना सांगितलं.

ते खुर्चीत बसले. मग उठून संगणकापाशी गेले, केलेलं काम जपून ठेवलं, माइकवर कापडी पिशवी चढवली आणि परत येऊन बसले आणि रडले. खरं रडले, माझा संशयी स्वभाव असूनही मी तसं लिहून देईन. फक्त एक गोष्ट मला खटकली. रडतानाही त्यांचा आवाज सुरात लागलेला होता.

अंत्यविधी नगरला केला, कारण माणसं नगरला येतात. दशक्रियेलाही भरपूर आली. घाटावर मांडव, दोन मोठे स्पीकर. निवेदनाला कुणी बोलवायचं असा प्रश्न दिनकररावांनी विचारला आणि उत्तर यायच्या आत स्वतः उभे राहिले. क्षौर केलेलं डोकं, अंगावर पांढरा पंचा आणि हातात माइक. मी त्यांना इतकं टवटवीत बऱ्याच महिन्यांत पाहिलं नव्हतं. माजी मान्यवर सगळे आले होते आणि त्यांना ‘इतर’ व्हायची अजूनही भीती होती.

पिंड ठेवला. लोक मागे सरले. कावळा शिवायची वाट पाहण्याचा तो वेळ असतो. आमच्याकडे तो वेळ श्रद्धांजलीच्या भाषणांना वापरायची पद्धत पडली आहे. एक सभापती बोलले, एक माजी सभापती बोलले, मध्ये दिनकररावांनी दोघांच्या वक्तृत्वाचं रसग्रहण केलं. कावळे होते. पलीकडच्या कडुनिंबावर ओळीनं बसले होते. स्पीकर घुमला की उडत, घिरटी घालत आणि परत झाडावर. यात अध्यात्म काही नव्हतं. कुठलाही शहाणा पक्षी तेच करील.

पण बायका कुजबुजू लागल्या की बाईची काहीतरी इच्छा राहिली. मग सुरू झालं ते नेहमीचं : कुणी पिंडासमोर येऊन म्हणालं, यात्रा घडवू, कुणी म्हणालं, आईला सांभाळू. कावळा येईना. शेवटी आसाराम पुढे आला. फडावरून सरळ आलेला, हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे. हात जोडून पिंडाला म्हणाला, “आक्का, तुला घरी यायचं हुतं ना? ये आता. आता कुनाला अडचन न्हाई तुजी.”

सुमन तोंडाला पदर लावून मागे गेली. कावळा आला नाही, कारण त्याच वेळी स्पीकरमधून पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं गेलं.

आसाराम वळला आणि दिनकररावांपाशी गेला. आवाज चढवला नाही. “दाजी, तेवढा बंद करा. तुमच्या आवाजाला भिऊन कावळं येईनात.”

दिनकररावांनी माइकवर तळवा ठेवला. “आसाराम, दोघंच राहिलेत. आमदारांचे प्रतिनिधी खास आलेत. त्यांना असं कसं सोडायचं?”

“मग त्येंनाच शिवाया लावा,” आसाराम म्हणाला, आणि पिंडापाशी जाऊन उकिडवा बसला.

आमदारांचे प्रतिनिधी बोलले. नंतरचेही बोलले. ऊन वर आलं, लोक चुळबुळायला लागले, तेव्हा भटजींनी पद्धतीप्रमाणे दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला. दिनकररावांनी ते पाहिलं, एक पाऊल पुढे आले, क्षणभर थांबले आणि आपल्या त्या ओल्या, भरलेल्या आवाजात सांगितलं, “उपस्थितांच्या माहितीसाठी : काकस्पर्श झालेला आहे.” आणि आभार मानले. संयोजकांचे, म्हणजे स्वतःचे, सोडून सगळ्यांचे.

निघताना ते मांडवाच्या तोंडाशी हात जोडून उभे होते. स्पीकर उतरवून टेम्पोत चढवायचं काम चाललं होतं. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी माझा हात धरला, जवळ ओढला आणि हळूच विचारलं, “मोबाईलवर कुणी घेतलंय का हो हे? पुण्याला पाठवून बघतो. मोकळ्यावर माझा आवाज जास्त खुलतो.”

त्यांच्या खांद्यावरून मला मागचं दिसत होतं. स्पीकर गेल्यावर कडुनिंबावरून एक कावळा उतरला, मग दुसरा, मग झाड रिकामं झालं. भातावर चोचींची गर्दी झाली. आसाराम कावळ्यांच्या अगदी जवळ बसला होता आणि उडून जातील म्हणून डोळेसुद्धा पुसत नव्हता. मी दिनकररावांना मागे बघा असं सांगणार होतो. पण ते पुढच्या माणसाकडे वळले होते. तो एका पतसंस्थेचा चेअरमन होता, आणि त्याचं नाव आज घ्यायचं राहून गेलं याबद्दल ते त्याची मनापासून क्षमा मागत होते.